न पेरलेली बांधी

मुलाखत घ्यायला कोणी आलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा गावातून तुम्ही इथवर कशा पोचलात?" माझं डोकं फिरतं. एवढंसं म्हणजे काय हो? भंडारा जिल्ह्यातलं बपेऱ्याकडचं आमचं गाव चांगलं नांदतं आहे. आणि फुटबॉलला मैदान लागतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, मग अडचण वाटणार कशाची?

आमच्याकडे बांध्या होत्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातलेला धानाचा तुकडा. शाळेतल्या खेळाच्या सरांनी टाके उसवलेला एक बॉल दिला होता, तो घेऊन आम्ही भावंडं धान कापलेल्या बांधीत उतरायचो. पण धान घरी आलं म्हणून बांधी मोकळी होत नाही. धान उभं असतानाच त्यात लाखोरी या डाळीचं बी फेकतात. मागून ती धसकटांतून वर येते आणि जानेवारीत सगळं शिवार निळ्या फुलांनी भरून जातं. दहा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल कुठली! मी एका दुपारी काकाची अर्धी लाखोरी तुडवून सपाट केली.

काका अंगणात येऊन जे काही बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. माय त्याच्यापेक्षा वर चढली. "पोट्टी हाय का रेडा?" असं म्हणून तिनं मला झाडूनं बदडलं. बाबा खाटेवर बसून बॉलकडे बघत होते. मला वाटलं, आता बॉल विहिरीत जाणार.

पुढच्या साली बाबांनी सगळ्या बांध्यांत लाखोरी फेकली आणि मधली एक तशीच ठेवली. मला तिथं नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "इथं खेळ. पन बॉल धुऱ्यापलीकडं गेला तं खेळ बंद." माय कितीतरी दिवस धुसफुसत होती. "इतकी चांगली बांधी, अन् लाता खाऊन राहिली!"

मी त्या बांधीत पाच हिवाळे खेळले. धसकटं पायाला टोचायची, चारही बाजूंना लाखोरी, त्यामुळे बॉल पायाला चिकटवून ठेवायचा आणि धुरा आला की गर्रकन वळायचं. मला वाटायचं, फुटबॉल असाच असतो.

मग भंडाऱ्याला निवड चाचणी झाली. बाबा मला एसटीनं घेऊन गेले. मैदान बघून मी गारच पडले. आमच्या दहा बांध्या मावल्या असत्या त्यात, आणि धुरा एकही नाही! निवड करणाऱ्या नागपूरच्या मॅडम कडेला उभ्या राहून ओरडत होत्या, "लांब मार! मोकळी आहे ती, लांब मार!" मी मात्र बॉल थांबवायची आणि वळायची. तिसऱ्यांदा तेच केलं तेव्हा त्या शिट्टी वाजवून आत आल्या. "अगं, काहून नाही मारत लांब?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, बॉल लाखोरीत जाईन ना!"

सगळं मैदान खिदळलं. शहरातल्या पोरी तर पोट धरून हसल्या. मला असा राग आला, बाप्पा! त्यानंतर बॉल माझ्याकडे आला तो मी तिघींना मिळून घेऊ दिला नाही. मॅडमनी हसत हसत यादीत नाव लिहिलं. परतीच्या एसटीत बाबांना हे सांगितलं, तर ते खिडकीबाहेर बघत हसत राहिले.

पुढे नागपूरचं वसतिगृह, मग केरळातला क्लब, मग बंगालमधला. खेळायचे पैसे मिळतात हे मायला पटायला दोन वर्षं लागली. उजव्या बाजूची बचावपटू म्हणून मी पंधरा वर्षं खेळले. केरळातला तो जाडा लाल भात, चिखलानं जड झालेले बूट, माझी मणिपूरची रूममेट, सगळं आठवतं. तिनं माझ्याकडून एकच मराठी शब्द उचलला होता, काहून. पंचानं शिट्टी वाजवली की ती त्याच्या अंगावर जाऊन ओरडायची, "काहून? काहून?" ती आठवली की अजून एकटीच हसते मी.

आमचा हंगाम हिवाळ्यातला. त्यामुळे घरी यायची ती मे महिन्यात, सगळं शिवार उघडं पडलेलं असताना.

गेल्या वर्षी गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली. आणखी एक हंगाम खेळणार की थांबणार, ते महिन्याच्या आत कळवा, असं क्लबनं सांगितलं. गुडघ्याचं उत्तर मला माहीत होतं. पण ते बाबांना सांगायचं कसं? ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना आजही कळत नाही, तरी माझा एकही सामना त्यांनी मोबाइलवर चुकवलेला नाही. म्हणून जानेवारीत घरी आले. पंधरा वर्षांतला माझा पहिला जानेवारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासोबत वावरात गेले. चहूकडे निळी फुलं, आणि मधोमध एक बांधी उघडीबोडकी, नुसती धसकटं. माझा पारा चढला.

"बाबा, हे बांधी खाली काहून ठेवली?"

"तुही हाय ते."

"मी कधी आली का हिवाळ्यात? पंधरा वर्सं अशीच ठेवली?"

"हाव." ते धुऱ्यावरची माती पायानं सारखी करत राहिले. "माय तुही दर साली भांडे. पन मले वाटे, इथं पेरलं का तुहं खेळनं सरन."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी धुऱ्यावर बसले, शस्त्रक्रिया झालेला पाय लांब करून, कारण तो दुमडतच नाही. बाबांना सांगायला रेल्वेत पाठ केलेलं सगळं विसरले.

"बाबा, पुढल्या साली पेरा."

ते माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लयच दुखते का?"

"हाव."

"मंग पेरू."

मी ढसाढसा रडले. अंतिम सामना हरल्यावरसुद्धा अशी रडले नव्हते.

ऑक्टोबरात धान पिवळं पडलं तेव्हा बाबांनी लाखोरीची टोपली माझ्या हातात दिली आणि स्वतः धुऱ्यावर उभे राहिले. चिखलात जपून पाय टाकत मी फेकायला लागले. बी सगळं माझ्या पायाशीच पडत होतं. हाताला सवयच नव्हती.

"लांब फेक, पोरी," बाबा म्हणाले. "गेलं धुऱ्यापलीकडं तं जाऊ दे आता."

मी मूठ भरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली.