साडूभाऊंची विश्रांती

विश्रांती घेणाऱ्या माणसाकडे बघून बघणाऱ्यालाच धाप लागावी, ही किमया अख्ख्या खानदेशात एकट्या आमच्या साडूभाऊंना साधली आहे. जळगावच्या एका पाइपांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं ते सांभाळतात. तिथे नवी संगणक यंत्रणा आली आणि दिवसभराची बिलं तासाभरात निघू लागली, तेव्हा त्यांनी नातेवाइकांत पेढे वाटले. आता चारलाच घरी येऊन ते पेटी शिकणार होते. पेटी आलीही. पण वाचलेल्या वेळात साहेबांनी आणखी दोन खात्यांचं काम बसवलं आणि यंत्रणा मोबाइलवरही आली. मग साडूभाऊ उजव्या हाताने जेवत डाव्या हाताने ट्रक सोडू लागले. शिरपूरला पुतणीच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, ते फोनवर "गाडी सोडा" म्हणून बजावत होते. आणि नंतर पंगतीत वरण-बट्टीच्या ताटावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. बट्टी हातात तशीच.

डॉक्टरांनी आठवडाभर सक्तीची विश्रांती सांगितली, म्हणून मेव्हणीने त्यांना शिंदखेड्याजवळ आमच्या गावी आणून सोडलं. इथे त्यांनी विश्रांतीचंही वेळापत्रक केलं. शेतातली हवा, चहा, गप्पा, डुलकी, प्रत्येकाला फोनमध्ये वेगळा गजर. गप्पा रंगात आल्या की गजर व्हायचा आणि ते वाक्य अर्धवट टाकून डुलकीला पळायचे. डुलकी मात्र येत नसे, कारण मधूनच कारखान्याचे निरोप.

माझे वडील, आबा, हे बघत होते. आमच्या ठिबकचा पंपही आता फोनवर चालू होतो. तेव्हापासून पंपापाशी जागणारे आबा निवांत पारावर बसतात. शेवटी त्यांनी विचारलंच, "भाऊ, बठ्ठं मशीनच करस ना? मंग तू कसाले थकस?"

"सगळं मशीन करतं, मग मी का थकतो?" साडूभाऊंनी प्रश्न स्वतःशीच पुटपुटून पाहिला. फोन घरातच ठेवून ते निंबाखालच्या खाटेवर जाऊन पडले आणि जे झोपले ते उन्हं कलेपर्यंत. उठल्यावर घाबऱ्या घाबऱ्या त्यांनी घरातून फोन आणून निरोप चाळले. सगळे ट्रक वेळेवर सुटले होते.

"एकही गाडी अडली नाही," ते म्हणाले. आधी मोकळं हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "आबा, मग मी रोज एवढा कशासाठी धावलो हो?"

आबा उठले. "चाल, फिरी येऊत," एवढंच म्हणाले. दोघे बांधाबांधाने निघाले. साडूभाऊंची चाल तीच, घाईची. पण थोडं पुढे गेले की ते थांबायचे आणि मागून येणाऱ्या आबांची वाट बघत उभे राहायचे.