घोळीच्या डोक्यातला खडा

हरिश्चंद्रकाका गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पालघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर होतो. तास संपल्यावर उलट फोन केला. त्यांची मुलगी सुजाता म्हणाली, "बाबा सकाळी गेले, दादा. तुमाला आदी कळवायचं, असं सांगून ठेवलेलं त्यांनी." फोन वाजला तेव्हा वर्गातल्या पडद्यावर काकांनीच काढलेला फोटो होता आणि त्याच्याखाली माझं नाव होतं... हे मी तिला सांगितलं नाही.

काका आमच्या बोईसरच्या शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. राहायला मुरब्याला. घरच्या सगळ्यांनी समुद्रात जन्म काढलेला. दम्यामुळे हे एकटेच किनाऱ्यावर राहिले. माझे वडील जळगावकडून इथल्या कारखान्यात आलेले, जवळच्या पाम गावात आमची एक खोली. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाला मी पहिल्यांदा डोळा लावला तो काकांमुळे. माशीच्या डोळ्यात षटकोन दिसतात, हे पुस्तकात होतं. कोळंबीच्या डोळ्यात मात्र पाटीवर आखावेत तसे चौकोन असतात, हे त्यांनी दाखवलं. सायकलच्या ट्यूबची रिंग कापून ते मोबाइल भिंगावर बसवत आणि फोटो काढत. ते फोटो बघून मी विज्ञानाला गेलो, हे अगदी खरं आहे.

घोळ माशाच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात. काका ते भावाच्या बोटीवरून आणत आणि घरातल्या चंदन उगाळायच्या सहाणेवर पाणी टाकून घासत बसत. दोन्ही बाजूंनी घासून नखाएवढा पातळ झाला की खडा भिंगाखाली जाई. आत झाडाच्या बुंध्यासारखी वलयं उमटलेली असत. वलयं मोजली की माशाच्या वयाचा अंदाज येतो. काकू वैतागायच्या. "देवाची सहाण हाय ती. आता मी देवाला माशाचं गंध लावू काय?" काका हसून म्हणायचे, "देवाला चालते. तुलाच नाय चालत."

त्यांच्या आजोबांच्या डब्यात जपलेला एक जुना खडा होता. तो त्यांनी महिनाभर हलक्या हाताने घासला. त्यात अकरा वलयं निघाली. त्या वर्षी आलेल्या खड्यांत तीन, कुठे चार. सगळे फोटो त्यांनी एका ओळीत लावले आणि मला बोलावलं. मग ते म्हणाले, "बघ पोरा. मासा म्हातारा होईनासा झालाय." मूठभर खड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे आता मी मुलांना शिकवतो. पण मासे वाढायच्या आधीच पकडले जातायत का, हा प्रश्न पहिल्यांदा दिसला तो त्या ओळीत, आणि पाहिला होता काकांनी.

प्रत्येक खड्यासोबत त्यांची एक चिठ्ठी असे. तिच्यावर बोटीचं नाव आणि तिथी. मुरब्यात मासळी बोटीच्या नावानेच ओळखली जाते, म्हणून स्वतःचं नाव लिहायचं त्यांना कधी सुचलंच नाही. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. परिषदेच्या पोस्टर-प्रदर्शनासाठी ते फोटो चिठ्ठ्यांसकट मागून आणले, पंचांग घेऊन तिथींच्या तारखा केल्या, छापील लेबलं लावली आणि चिठ्ठ्या फेकून दिल्या. मला ते शास्त्रीय वाटलं होतं. पोस्टरवर नावं दोनच होती, आमच्या विभागप्रमुखांचं आणि माझं.

काका इस्त्रीचा शर्ट घालून प्रदर्शन बघायला आले. पोस्टरसमोर चष्मा पुसून वरपासून खालपर्यंत वाचत राहिले.

"यात बोटीचं नाव कुठं हाय?"

मी म्हणालो, चिठ्ठ्या आता नाहीत.

"मंग हा मासा कुनी आणला, ते कसं समजायचं?"

स्वतःचं नाव कुठे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख सरांकडे गेलो. विज्ञानाच्या मासिकात हे फोटो पाठवताना काकांचं नाव घालू या, म्हटलं. सर हसले. "शाळेच्या शिपायाचं नाव घालून हसं करून घ्यायचंय का?" मला एमएस्सीसाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं. मी गप्प बसलो. पत्र मिळालं, पुढे नोकरीही मिळाली. कृतज्ञता हा शब्द मी भाषणांतून फार वापरतो. पण जिथे ती दाखवायची होती तिथे मी जरासुद्धा भांडलो नाही. वर्गातली स्लाइड तर माझ्या हातातली होती. तिच्यावर नाव टाकायला सरांची परवानगी लागत नव्हती. पुढच्या सत्रात टाकू, असं म्हणत सात वर्षं गेली.

काका मात्र दर दिवाळीला फोन करायचे. "मुलांना आपला खडा दाखवतोस ना?" आपला, म्हणायचे.

स्लाइडवर आता त्यांचं नाव आहे. ते वाचायला ते नाहीत, त्यामुळे त्याचं समाधानही मला मानता येत नाही.

तेराव्याला मुरब्याला गेलो. भिंतीवर त्यांनी काढलेले फोटो होते, कोळंबीचा डोळा, मिठाचा कण, खड्यांची ती ओळ. एकाखालीही काही लिहिलेलं नव्हतं. काकू खाली बसून तीच सहाण पुढ्यात घेऊन चंदन उगाळत होत्या. खडे घासून घासून तिला एका बाजूला खळगा पडलेला आहे. गंध त्यातच साचत होतं. "माशाचा वास येतो अजून," त्या म्हणाल्या, आणि बोट बुडवून उठल्या. पाटावर काकांचा नवा, काचेत मढवलेला फोटो ठेवला होता. काकूंनी फोटोतल्या कपाळाला गंध लावलं. खाली फोटोवाल्याने ठळक अक्षरांत पूर्ण नाव छापलं होतं. त्या घरातल्या एवढ्या फोटोंमध्ये, खाली काकांचं नाव असलेला तो एकच होता.