एर्लिंडा आणि पायरीवरची मगर

एर्लिंडा मारुपा आमच्या तळावर स्वयंपाक करायची. यकुमा नदीच्या काठी खांबांवर उभ्या केलेल्या फळ्यांच्या खोल्या आणि त्यांच्या टोकाला तिचं स्वयंपाकघर. पाठीवर पिशव्या टाकून जगभरातून जनावरं बघायला येणाऱ्या पोरापोरींना तिचं जेवण आवडायचं. तिला मात्र त्यांच्यातलं कोणी आवडायचं नाही. मी होडी चालवायचो, सामान आणायचो, त्यामुळे तिच्या सकाळच्या पहिल्या शिव्या माझ्याच वाट्याला यायच्या.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. ती रेंबेर्तोमुळे गेली असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. रेंबेर्तो आमचा गाईड. त्यानं एका थोराड काळ्या मगरीला कोंबडीची आतडी टाकून टाकून स्वयंपाकघराच्या पायऱ्यांची सवय लावली. पाहुण्यांना जेवता जेवता मगर दिसायची, फोटो निघायचे, रेंबेर्तोचं कौतुक व्हायचं. एके दिवशी एर्लिंडा खालच्या पायरीवर मासे धूत होती आणि मगरीनं तिचा हात धरला. मी वल्ह्यानं डोक्यावर हाणत राहिलो तेव्हा कुठे सोडला.

जखम भरल्यावर ती कामावर परत आली. रेंबेर्तो एवढंच म्हणाला, "तिथं बसून मासे धुवायला सांगितलं कोणी?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढायची नाही. त्यानं आपल्या हातानं पातेल्यातून घ्यायचं, आणि तोवर तळाचं करपलेलंच उरलेलं असायचं.

"तुझ्या मित्राला सांग, बूट काढून आत ये म्हणावं," तो समोर बसलेला असताना ती मला म्हणायची. "मी त्याची मोलकरीण नाही."

"तिला सांग," तो म्हणायचा, "इथं ती दुसरी कोण आहे मग?"

तिनं आतडी राखेत पुरायला सुरुवात केली. त्यानं मगरीसाठी गळ टाकून मासे धरायला सुरुवात केली.

मग एका कोरड्या हंगामात एक टोळकं आलं. दिवसभर दलदल तुडवून त्यांना अजगर सापडला नव्हता, सगळे चिडलेले. जेवणाच्या वेळी रेंबेर्तोनं मगर बोलावली आणि हसत हसत त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. नाक उन्हानं सोललेली एक उंच पोरगी फोन घेऊन एर्लिंडाकडे आली आणि गोड आवाजात काही बोलली.

"काय म्हणतेय ही?" एर्लिंडानं मला विचारलं. मला कुठलं कळतंय.

उत्तर रेंबेर्तोनं दिलं, सरळ तिलाच. "पायरीवर बस म्हणतेय. तो हात असा पुढे धर, मागे मगर येईल. झकास फोटो निघेल, म्हातारे."

एर्लिंडानं चुलीत पाणी ओतलं. धुरानं सगळं स्वयंपाकघर भरलं. तिनं आपल्या सुऱ्या एप्रनमध्ये गुंडाळल्या आणि मला म्हणाली, "होडी काढ."

"आणि पाहुण्यांचं जेवण?"

"त्याला रांधू दे."

मी इंजिन सुरू केलं. रेंबेर्तो पायरीवर येऊन ओरडला, "परत आलीस तर पाण्यात ढकलीन."

"त्याला सांग," ती मला म्हणाली, "एवढी धमक असती तर मगरीच्या आडून भांडला नसता."

तळाच्या मालकानं रेंबेर्तोला ठेवलं. "स्वयंपाकीण कुठेही मिळेल," तो म्हणाला, "इंग्रजी बोलणारा मिळत नाही." एर्लिंडा समोरच्या काठावरच्या तळावर कामाला लागली. रेंबेर्तोनं मासा घेऊन पाण्यावर हात धरला की ती पलीकडून पातेल्याचं झाकण पळीनं बडवायची. बगळे उडायचे, डॉल्फिन निघून जायचे, मगर बुडी मारायची. रेंबेर्तो तिच्या आईचा उद्धार करायचा, ती आणखी जोरात बडवायची. तिच्या नव्या मालकानं एकदा हटकलं. "मग दुसरी बघ," ती म्हणाली. त्यानं तिच्या हातचा, केळी कुटून केलेला मसाको खाल्लेला होता. पुन्हा त्यानं हटकलं नाही.

एकदा मीच सुकं मांस घेऊन तिच्याकडे गेलो. "एर्लिंडाबाई, पुरे करा आता."

"त्यानं माझ्याकडे बघून म्हणावं, चुकलं. एकदाच."

मी त्याला जाऊन सांगितलं. तो इंजिनाची पाती साफ करत होता. "चुकलं असतं तर म्हटलं असतं," तो म्हणाला. तेही मी तिला जाऊन सांगितलं.

पुढच्या पावसात पाणी गवताळ रानात पसरलं आणि मगर कुठल्याशा डोहाकडे गेली ती परत आलीच नाही. फोटो बघून आलेले पाहुणे रेंबेर्तोशी भांडायला लागले. मालकही बोलायला लागला. एक दिवस रेंबेर्तो काम सोडून रुरेनाबाके गावात मोटारसायकलवर भाडी मारायला गेला.

मी एर्लिंडाला ते सांगितलं तेव्हा ती कसाव्याचे कंद सोलत होती. ती खूश होईल असं मला वाटलं होतं.

"चुकलं न म्हणताच गेला?"

"हो."

"सांता रोसाच्या धक्क्यापर्यंत सोडलं कोणी त्याला?"

"मीच."

"सामानही तूच उचललं असशील."

"एकच तर पिशवी होती."

तिनं माझ्यासाठी काढलेली थाळी उचलून पुन्हा पातेल्यात रिकामी केली. "मग आज जेवायलाही त्याच्याकडेच जा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून सोलायला लागली. मी होडीकडे निघालो.