दाक्षायणीची धुमधुमणारी पेटी

सात रस्त्याजवळच्या कापडदुकानात पंचाक्षरी दिवसभर बायाबापड्यांना लुगड्याचे पदर उलगडून दाखवायचा आणि घरी आला की शास्त्रज्ञ व्हायचा.

"लुगडी इकून पोट भरतंय, पण ह्यांचा जीव पोकळ वस्तूत अडकलाय," असं त्याची बायको दाक्षायणी शेजारणींना सांगायची.

तिचं काही खोटं नव्हतं. मोडीत निघालेल्या एका टॉकीजचा ताटाएवढा स्पीकर त्यानं घरी आणला होता. नुसता वाजवला की माशीसारखा भुणभुणायचा. रेडिओ दुरुस्त करणारा कोंडीबा म्हणाला, "ह्याला पोट पायजे. जेवढं पोट मोठं, तेवढा आवाज खोल." झालं! पंचाक्षरी दिसेल त्या पोटावर टिचक्या मारत सुटला. घागर झाली, रांजण झाला. पाहुणा आलेला सासरा थोडक्यात वाचला.

आधी नमुने झाले. दुकानातला पुठ्ठा, त्याला कणकेची खळ. पहिलं खोकं वाजताना फडफडलं, दुसऱ्याचे कोपरे उंदरांनी खळीसकट खाल्ले. मग देवदाराच्या फळ्या आणल्या, आत गिरणीतलं टाकाऊ सूत कोंबलं. ते धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्यासारखं वाजलं. पोट केवढं झालं हे मापायची त्याची रीत अशी, की खोकं ज्वारीनं भरायचं आणि ती ज्वारी पायलीनं मोजायची. घरभर दाणे. या संशोधनावर खूश फक्त चिमण्या.

मापं फिरून फिरून एकाच जागी येऊन थांबली. दाक्षायणीच्या सागवानी पेटीपाशी. वळसंगच्या आईनं, नागम्मानं, लग्नात दिलेली, धान्याची.

"तिच्याकडं बघू नगा," दाक्षायणी म्हणाली.

"अगं, चन्नप्पाच्या लग्नात वाजवायचं कबूल केलंय. तुज्याच भावाच्या मांडवाची शोभा की!"

"पेटीला भोक पडलं तर मी लग्नाहून माघारी यायची न्हाय. पेटीबी यायची न्हाय. मग बसा हितं एकटंच धुमधुम करत."

एवढं स्पष्ट बोललेलं बैलालाही कळलं असतं. पण पंचाक्षरी पडला शास्त्रज्ञ. ती दळणाला गेली आणि इकडं करवत चालली. परत येऊन बघते तर पेटीच्या पोटाला गोल भोक, आणि महाशय दारात नवा पोळपाट घेऊन उभे! कापलेल्या फळीलाच तीन पाय ठोकले होते.

"बघ, लाकूड वाया घालवलं न्हाय."

दाक्षायणीनं पोळपाट घेतला आणि वळसंगला न्यायच्या पिशवीत लुगड्यांखाली ठेवला. पंचाक्षरीला वाटलं, मानलं बाईनं.

लग्नात सासूनं ओळखू नये म्हणून त्यानं पेटीला चादर पांघरली, स्पीकरापुरतं तोंड उघडं ठेवलं. अक्षता पडल्या, स्पीकरला जोडलेलं गाण्याचं मशीन सुरू झालं आणि खरंच, धुम्म! मांडवाचे खांब हलले.

"दाजी, लई भारी!" नवरदेव चन्नप्पा ओरडला. दाजींची छाती पेटीहून मोठी झाली. तेवढ्यात फटींत राहिलेली ज्वारी आतून तडतडायला लागली, पेटी थरथरत सरकली आणि चादर घसरून नागम्माच्या पायांशी पडली.

"ही माजी पेटी की गं!"

"व्हय अव्वा. गाती आता," दाक्षायणी आईला म्हणाली.

नागम्मा पेटीभोवती फिरली. "जावईबापू, पेटी चांगली गाती. आता ज्वारी कशात भरता? तुमच्या टोपीत?"

मांडव हसून लोळला. दाक्षायणीनं पिशवीतून पोळपाट काढून नवऱ्याच्या हातात दिला. "हितंच बुजवा. तवर मी गाडीत बसत न्हाय."

पाय उपटायला गेला तर फळीच चिरायला लागली. खिळेही शास्त्रोक्त ठोकलेले ना! शेवटी फळी पायांसकट बसवली, पाय बाहेर, फटीत चिंध्या. तेव्हा कुठं पेटी परत आली आणि पेटीमागून दाक्षायणी.

आता स्पीकर माळ्यावर भुणभुणायचाही बंद झालाय. पेटीच्या एका पायाला चाळण लटकते, दुसऱ्याला उलथनं, तिसऱ्याला पंचाक्षरीची टोपी. ती अडकवताना तो पेटीला हळूच एक टिचकी मारतो. पेटी काही बोलत नाही. गळ्यापर्यंत ज्वारी भरलेली असते ना!