गजांबाहेरचा हात

अक्का गेल्याचा निरोप घेऊन आमच्या दुकानातला माणूस बीडहून औरंगाबादला आला, तेव्हा मी शाळेतून नुकताच परतलो होतो. तो आधी पाणी प्यायला. मग खाली बघत म्हणाला, "मास्तर, खिडकी बंद झाली..." मला दुसरे काही विचारावे लागले नाही.

बीडच्या पेठेत आमचे लोखंडी सामानाचे दुकान. गिरिजाक्का माझी थोरली बहीण. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर ती माहेरी आली आणि दुकानामागच्या खोलीत राहिली. सांडलेले खिळे गोळा करायला आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नालाच्या आकाराचा पोलादी लोहचुंबक आणला होता. एकदा एक पाथरवट डोळा झाकून दुकानात आला. छिन्नीची कपची बुबुळात रुतली होती. चुंबक जाडजूड, डोळ्याजवळ नेता येईना. अक्काने कच्च्या, म्हणजे नरम लोखंडाची बारीक तार घेतली, घासून तिचे टोक गोल केले आणि दुसरे टोक चुंबकाला चिकटवले. चिकटून आहे तोवर तारही चुंबक होते; सोडवली की पुन्हा साधी तार. पोलादाचे तसे नाही, त्यात एकदा ओढ भरली की ती राहते. कपची तारेला लागून अलगद आली आणि तार सोडवताच अक्काच्या तळहातावर पडली.

मग पाली, कपिलधार, पार तेलगावकडचेही पाथरवट आणि लोहार येऊ लागले. परक्या माणसांनी आत येऊ नये आणि घरच्या बाईने बाहेर जाऊ नये, म्हणून आप्पांनी बोळाकडची खिडकी ठरवून दिली. आलेला माणूस गजांपासून हातभर अंतरावर उभा राही आणि अक्काचा हात कोपरापर्यंत बाहेर येई. चुंबक गजांकडे ओढ घेई, ती दात आवळून तो मधोमध तोलून धरी आणि वर म्हणे, "हालू नगंस बाबा, डोळा हाय, वांगं न्हाई!"

हैदराबादच्या एका जनाना दवाखान्यातली डॉक्टरीण दौऱ्यावर आली असता तिने हे पाहिले. "हिला माझ्याकडे पाठवा, मी शिकवते," ती आप्पांना म्हणाली. तिथे विजेवरचा चुंबक होता. कळ दाबली की खोल गेलेला कणही ओढून घेई, कळ सोडली की नुसते लोखंड. त्या संध्याकाळी जेवणे होत आली तेव्हा अक्का बोलली.

"आप्पा, जाऊ का?"

"कावून? हितं काय कमी हाय?"

"कमी काय न्हाई. मला तो चुंबक बघायचाय. शिकून परत येईन की."

आप्पांनी ताटातच हात धुतला. "तूच म्हनतीस न्हवं, जवळ हाय तवर तार धरती, लांब नेली की सोडती?"

"ती तार हाय आप्पा. मी लेक हाय."

"म्हनून तर लांब जाऊ देत न्हाई."

अक्काने ताटे उचलली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. आप्पा फार प्रेमळ होते, हे मी आजही म्हणेन... आणि त्या प्रेमातून वाट काढणे कुणाला जमले नसते.

आप्पा वारले त्या वर्षी मीच तिला म्हणालो, चल, हैदराबादला नेतो. ती हसली. "लई उशीर झाला रं. तितं शिकणाऱ्या पोरी माझ्या लेकी शोभतील एवढ्या असतील." तेवढ्यात बोळातून हाक आली, "अक्का, हायसा का?" आणि ती उठून खिडकीशी गेली.

परवा मी त्या खोलीत बसलो होतो. चुंबक फळीवर होता, तार शेजारी. खिडकीचे मधले दोन गज तिच्या हाताने घासून चकचकीत झाले आहेत, बाकीच्यांवर गंज आहे. इतकी वर्षे चुंबक त्यांना ओढत राहिला, काहीतरी त्यांच्यात उतरले असेल असे वाटून मी एक टाचणी गजाला लावली. ती खाली पडली. कच्चे लोखंड, त्याने काहीच धरून ठेवले नव्हते.

मी टाचणी उचलली, आणि तिचे कोपर गजाला टेकायचे तिथे पुन्हा लावून पाहिली.