प्रयोजनाचे आवतण

सर्व प्राणिमात्रांचा जो आधार, ज्याच्या श्वासाने मातीला जीव आला, त्या परमेश्वराला आणि त्याच्या पुत्राला, प्रभू येशूला, नम्र वंदन करून ही लेखणी हाती घेतो. छावणी भागातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपकारस्तुतीच्या दिवसासाठी प्रत्येकाने एक अनुभव लिहून आणावा, अशी पाळकसाहेबांची सूचना आहे. हा अनुभव मी पुष्कळ वर्षे कागदावर आणला नाही, कारण त्यात कृपा प्रभूची दिसते आणि उणेपण माझे.

शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, आणि त्यानंतर रोज सकाळी ‘आजचा दिवस कशासाठी?’ हा प्रश्न माझ्या आधी जागा झालेला असे. उपासना चुकत नव्हती, प्रार्थनाही होत होती; परंतु ओठ हलत आणि अंतःकरण स्वस्थ बसून राही. माझी पत्नी शांता हिने ते ओळखले. तिने एक महिन्याची मननपुस्तिका आणून दिली. रोज एक पान, पानाच्या शेवटी एक प्रश्न आणि त्याखाली उत्तरासाठी दोन कोऱ्या ओळी. मी ती रोज मोठ्याने वाचू लागलो खरा, पण हाती तांबडी पेन्सिल घेऊन. कोठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले, कोठे समास ओढूनताणून केलेला. ते सारे सुधारीत गेलो. बावीस पाने तांबडी झाली, ओळी मात्र कोऱ्याच राहिल्या. शांता म्हणाली, “अहो, देवाला उत्तर द्यायचंय. पेपर तपासायचा नाही.” मी हसून विषय टाळला.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती चुलीपुढेच कोसळली. रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेले. तरुण डॉक्टरांनी तपासले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, पोटात रक्तस्राव होतोय. ऑपरेशन आजच करावं लागेल. रक्ताच्या दोन बाटल्या हाताशी असल्याशिवाय सुरू करता येणार नाही. त्यांचा गट ओ निगेटिव्ह, फार कमी लोकांत सापडतो. रक्तपेढीत एकच बाटली आहे. दुसरी एक वाजेपर्यंत आणा. त्यानंतर मी काही सांगू शकणार नाही.” माझे रक्त जुळत नव्हते. आम्हांस अपत्य नाही. शहरातील दुसऱ्या रक्तपेढीत जाऊन आलो. तेथे तो गट नव्हता. परत आलो तेव्हा व्हरांड्यातील घड्याळात साडेअकरा वाजले होते.

मंडळीत निरोप पाठवावा, असे मनात येऊनही मी पाठवला नाही. लोकांना कशाला त्रास, असे स्वतःला सांगितले. खरे कारण निराळे होते. आयुष्यभर मी देणाऱ्याच्या आसनावर बसलो होतो. हात पसरण्याची मला लाज वाटत होती. इतकेच नव्हे, आत माझी पत्नी क्षणाक्षणाला पांढरी पडत असताना मी बाकावर बसून राहिलो आणि, दुसरे काहीच सुचेना म्हणून, पिशवीतली पुस्तिका काढून त्या दिवसाचे पान वाचू लागलो. सवयीने आवाज मोठाच निघाला. शेवटचा प्रश्न होता, ‘तुझ्या जीवनाचे प्रयोजन काय?’

“कंचं पर्योजन म्हनलात बाबा? कुनाच्या घरचं?”

शेजारी एक बाई बसली होती. गयाबाई तिचे नाव, पिशोर गावची. नवऱ्याचा पाय मोडला म्हणून आलेली. हातात एक चिठ्ठी घट्ट धरून ती सकाळपासून तेथेच होती, आणि मी तिच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. खेड्यापाड्यांत प्रयोजन म्हणजे घरचे मंगलकार्य, त्याची जेवणावळ. तिला वाटले, मी कोणत्या तरी पंगतीविषयी बोलतो आहे. त्याही स्थितीत माझ्यातील मास्तर जागा झाला. “बाई, प्रयोजन म्हणजे हेतू,” असे सांगू लागलो, आणि सांगता सांगता मला रडू कोसळले. मग सगळेच बोललो: शांता, रक्त, एक वाजताची मुदत.

तिने ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला. “आन् तुमी पोथी वाचत बसले? आवो, पर्योजन म्हनलं की आवतन द्यावं लागतंय. न बोलवता कोन येतंय? उठा!”

मी उठलो. घसा साफ करून म्हणालो, “बंधुभगिनींनो, ओ निगेटिव्ह गटाच्या रक्तदात्याची नितांत निकड आहे.” दोन-तीन माणसांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. गयाबाईने मला बाजूला सारले. “हे असं बोलल्यावर रगत मिळंल व्हय? ओ मंडळी, या मास्तरच्या बायकोला रगत पायजे! ओ निगोटी! हाय का कुनाचं?” आणि ती प्रत्येक बाकापुढे उभी राहून विचारू लागली. मी तिच्या मागोमाग, हात जोडून. जन्मात प्रथमच मी अनोळखी माणसांपुढे मागत होतो. एक वॉर्ड झाला, दुसरा झाला. बारा वाजून गेले. कोणी नाही म्हणे, कोणाला आपला गटच ठाऊक नसे. तिसऱ्या वॉर्डाच्या दाराशी वाळूजच्या कारखान्यातील एक कामगार, सलीम, आईचा डबा घेऊन उभा होता.

“क्या होना खाला? ओ निगेटिव?” त्याने खिशातून कारखान्याच्या रक्तदान शिबिरातले कार्ड काढले. “मेरा वोइच है. चलो चाचा, जल्दी चलो.”

एकाला पाच मिनिटे कमी असताना बाटली आत गेली. दार बंद झाले. त्यानंतरचे तीन तास मी कसे काढले ते प्रभू जाणतो. त्या वेळात गयाबाईने फडके सोडून भाकरी आणि ठेचा काढला, तिघांत वाटला, आणि सलीमला दटावून अर्धी भाकरी जास्त दिली: “रगत दिलंय लेकरा, खाय.” मग संकोचून हातातली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. “आता येवडं वाचून दाखवता का मास्तर? सकाळधरनं कुनी भेटंना वाचनारं.” नवऱ्याचा पाय दाखवायला कोणत्या खोलीत जायचे, एवढेच तीत लिहिले होते. एक वाचणारा तिच्या शेजारीच बसला होता. तरीही तिने आधी माझे काम केले.

त्या बाकावर भाकरीचा घास हाती असताना मला प्रभुभोजनाची मेज आठवली, जिच्यावर भाकर मोडून सर्वांना वाटली जाते. इतकी वर्षे तिच्यापुढे गुडघे टेकले. परंतु तेथे जे दिले जाते ते मागून घ्यायचे असते आणि पुढे वाढायचे असते, हे मला एका निरक्षर बाईच्या चुकीच्या अर्थाने कळले. चुकीचा तरी कसा म्हणावा? यात चमत्कार होता की योगायोग, याचा वाद मी घालत नाही. कोणापुढे हात न पसरण्याचा माझा हट्ट सुटला, एवढे मात्र घडले.

शांता वाचली आणि पुढे अनेक वर्षे माझ्या सोबतीला होती. मी दर गुरुवारी त्या व्हरांड्यात बसू लागलो. ज्याला वाचता येत नाही त्याची चिठ्ठी वाचून देतो. दवाखान्यातून घरी आल्यावर शांताने पुस्तिका चाळली होती. तेविसाव्या पानावर तांबडी खूण नव्हती. खालच्या ओळीवर माझ्या अक्षरात एकच शब्द होता: पर्योजन.

“अहो, इथं चूक राहिली की,” ती म्हणाली.

“राहू दे,” मी म्हणालो.

हे वाचणाऱ्या बंधुभगिनींनो, मागण्याची वेळ आली तर प्रभू तुमचा संकोच दूर करो, आणि कोणी मागत आले तर तुमच्या घरात त्याच्यासाठी घास आणि सवड असो. तुमच्या लेकरांवर, म्हाताऱ्यांवर आणि चुलीवर त्याची शांती राहो. आमेन.