ती ओळ कुणी काढली?

मंडळी, आज ऑफिसात सूड उगवला आणि लई बरं वाटलं.

वेरूळच्या एका हॉटेलसाठी आम्ही जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइट केलीय. आज मालकांसमोर ती उघडली, तर ना फोटो, ना रंग. नुसती उघडीबोडकी अक्षरं.

आमचे टीम लीड जाधव सर लगेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे शीतलचं काम. तिला साधं फोल्डर जोडता येत नाय."

फोटो आणि रंग कुठल्या फोल्डरमधून घ्यायचे, हे ॲपला सांगणारी ओळ मीच लिहिली होती. परवा सरांनी ती "फालतू आहे" म्हणून काढून टाकली. मी नको म्हणाले, तर सगळ्यांदेखत हसले.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तरी मी हाताची घडी घालून बसले. सर घाम पुसत राहिले. शेवटी मालकच म्हणाले, "ताई, तुम्ही बघा की."

मी मोठ्या पडद्यावर आधी बदलांची नोंद उघडली. ओळ काढणाऱ्याचं नाव सगळ्यांनी वाचलं. मग ओळ परत टाकली. फोटो आले, रंग आले.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "बाजूला घेऊन सांगायचं ना!"

"तुम्ही मला घेतलं होतं का बाजूला?"

खरं सांगा, तुम्ही आधी काय दाखवलं असतं? फोटो की नाव?